रॅमचे टायमिंग स्वतः बसवताना

रॅमच्या खोक्यावर ३२०० छापलेले असते, दुकानदार बिलावरही ३२०० लिहितो, आणि संगणक मात्र वर्षानुवर्षे २१३३ किंवा २६६६ वर चालत राहतो. असे संगणक घरोघरी आहेत. स्टिक बोर्डात बसवली की बोर्ड तिच्यावरच्या एसपीडी नावाच्या इवल्याशा चिपमधून जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे सावध आकडे वाचतो आणि त्यांवरच संगणक सुरू करतो. खोक्यावरचा वेग त्याच चिपमध्ये, पण वेगळ्या प्रोफाइलमध्ये नोंदलेला असतो. ते प्रोफाइल बायोसमध्ये जाऊन कोणीतरी चालू करावे लागते. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात. एएमडीने २०२२ साली डीडीआर५ बरोबर एक्सपो आणले. असूसच्या एएमडी बोर्डांवर एक्सएमपी प्रोफाइल डीओसीपी या नावानेही दिसते.

म्हणून टायमिंगला हात लावण्याआधी एवढे तपासा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सखाली मेमरीचा वेग पाहा. सीपीयू-झेड वापरत असाल तर तिथे ३२०० ऐवजी १६०० दिसेल, ते बरोबरच आहे. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून १६०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ३२०० चा वेग म्हणतात. बोर्डावर चार खाचा आणि तुमच्याकडे दोन स्टिक असतील, तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का तेही बघा. पहिल्या-दुसऱ्या खाचेत लावलेल्या दोन स्टिक एकाच चॅनलवर येतात आणि रॅमची वाहतूक निम्म्यावर येते. या दोन चुका दुरुस्त केल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा पुढच्या सगळ्या खटपटीनेही पडत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आता टायमिंगचे आकडे. रॅमवर १६-१८-१८-३८ असे काहीतरी लिहिलेले असते. रॅमच्या चिपमध्ये माहिती ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यात, सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेली असते. वाचायचे असेल तर आधी ती ओळ उघडावी लागते आणि मग तिच्यातला हवा तो स्तंभ मागावा लागतो. पहिला आकडा टीसीएल, म्हणजे ओळ उघडी असताना स्तंभ मागितल्यापासून माहिती बाहेर पडेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात ते. दुसरा टीआरसीडी, ओळ उघडण्याची आज्ञा दिल्यापासून स्तंभ मागता येईपर्यंतची वाट. तिसरा टीआरपी, उघडी ओळ बंद करून दुसरी उघडण्यासाठी तयार होण्याचा वेळ. चौथा टीआरएएस, एकदा उघडलेली ओळ कमीत कमी किती वेळ उघडी ठेवायची ते. हवी ती ओळ आधीच उघडी असेल तर फक्त पहिला आकडा मोजावा लागतो. दुसरीच ओळ उघडी असेल तर टीआरपी, टीआरसीडी आणि टीसीएल हे तिन्ही एकापुढे एक मोजावे लागतात. खेळ किंवा मोठे कॉम्प्रेशन यांसारखी कामे रॅममध्ये इकडून तिकडे उड्या मारत असतात. त्यांना दुसरा आणि तिसरा आकडा पहिल्याइतकाच जाणवतो. जाहिरातीत मात्र फक्त पहिलाच मिरवला जातो.

हे आकडे ठोक्यांचे आहेत, वेळेचे नाहीत. त्यामुळे दोन वेगवेगळ्या वेगांच्या रॅमची तुलना नुसत्या आकड्यांवरून करू नका. टीसीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात मिळते. ३२०० आणि १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० आणि १८ म्हणजेही १०. डीडीआर५ मधले ६००० आणि ३० म्हणजे पुन्हा १०. जेडेकच्या सावध आकड्यांनुसार ३२०० ला २२ असतो, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद, आणि डीडीआर५ च्या ४८०० ला ४० धरला तर जवळजवळ १६.७. एवढा हिशेब मनात असला की बायोसमधला प्रत्येक बदल किती मोलाचा आहे ते लगेच कळते. ३२०० वर १६ चा १४ केला तर सव्वा नॅनोसेकंद वाचतो.

एवढ्यासाठी कोणी हात घालावा? ब्राउझर, ईमेल, हिशेबाचे काम यांत काहीही फरक जाणवणार नाही. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळ खेळणाऱ्यांना रॅमच्या वेगाने बराच फायदा होतो, टायमिंगने थोडा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल आणि खेळ प्रोसेसरमुळे अडत असेल, तर चित्र मध्येच अडखळण्याचे प्रमाण कमी होते, आणि माझ्या मते टायमिंग बसवण्याचे खरे कारण हेच आहे. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांत मोठा कॅश असल्यामुळे त्यांचे रॅमकडे जाणेच कमी, म्हणून तिथे लाभही कमी. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे पर्यायच नसतात. एच६१० सारख्या स्वस्त चिपसेटच्या बोर्डांवर रॅमला अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग देता येत नाही. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: एक्सएमपी आणि एक्सपोसुद्धा इंटेल व एएमडी ओव्हरक्लॉकिंगच मानतात आणि त्यामुळे झालेले नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीत धरत नाहीत.

आधी करायची तयारी

रॅमची चूक गुपचूप घडते. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. पण आठवड्यातून एखादा बिट उलटला तर फोटो खराब होतो, झिप फाइल उघडत नाही, विंडोजची एखादी फाइल बिघडते, आणि दोष कशाचा हे महिनोन्‌महिने उमगत नाही. साध्या डेस्कटॉप रॅममध्ये चूक पकडणारी ईसीसीची पूर्ण सोय नसते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आतच दुरुस्ती होते हे खरे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि प्रयोग चालू असेपर्यंत ती डिस्क संगणकाला जोडू नका.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती मिळते, पण खाते उघडायला दुसरे यंत्र हाताशी हवे. अनेकांना हे ऐन वेळी आठवते.

मेमटेस्ट८६+ हा मुक्त स्रोत प्रोग्राम एका पेन ड्राइव्हवर तयार ठेवा. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत सीमॉस क्लिअर करण्याच्या, म्हणजे बायोस मूळपदावर आणण्याच्या, दोन पिना कुठे आहेत ते पाहून ठेवा. त्या कधीकधी ग्राफिक्स कार्डाखाली दडलेल्या असतात. मोबाइलने बायोसच्या सध्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. पहिल्या चारांखेरीजचे, म्हणजे दुय्यम, आकडे सध्या काय आहेत ते बघायला एएमडीवर झेनटायमिंग्ज हे साधन उत्तम आहे.

दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकत्र लावल्या असतील तर अपेक्षा कमी ठेवा. आधी एक ८ जीबी घ्यायची आणि वर्ष-दोन वर्षांनी दुसरी, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. पण तेच मॉडेल, तेच खोके असूनही आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात. अशा जोडीत जी स्टिक मंद, तिच्या मर्यादेतच दोघींना राहावे लागते.

बायोसमध्ये

उदाहरणासाठी आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसणारी जुळणी घेऊ: रायझन ५ ५६००, बी५५० चा बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, ३२०० आणि १६-१८-१८-३८. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा. असूस आणि एमएसआयच्या बोर्डांवर एफ७ ने तपशीलवार मेनू उघडतो. असूसमध्ये एआय ट्वीकर, एमएसआयमध्ये ओसी, गिगाबाइटमध्ये ट्वीकर आणि एएसरॉकमध्ये ओसी ट्वीकर या नावाखाली रॅमचे सगळे असते.

पहिल्या दिवशी फक्त प्रोफाइल चालू करा आणि खाली दिलेल्या चाचण्या पूर्ण करा. प्रोफाइलवरच चूक निघाली तर पुढे जायचेच नाही. आधी स्टिक काढून नीट बसवा, खाचा बदला, बायोस अद्ययावत करा. तरीही चूक निघाली तर रॅम दुकानात बदलून घ्या. पायाच कच्चा असेल तर नंतर कोणता दोष तुमच्या आकड्यांचा आणि कोणता मुळातला, हे सांगता येणार नाही.

प्रोफाइल पक्के झाले की वेग ठरवा. रायझन ३००० आणि ५००० मध्ये रॅमचे घड्याळ, मेमरी कंट्रोलर आणि आतला इन्फिनिटी फॅब्रिक एकाच तालात चालले पाहिजेत. साधारण ३६०० पर्यंत, म्हणजे फॅब्रिक १८०० वर असेपर्यंत, हे बहुतेक प्रोसेसरांना जमते. त्यापुढे ताल सुटला की वेग वाढूनही लेटन्सी, म्हणजे माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ, वाढते आणि सगळे मुसळ केरात जाते. रायझन ७००० मध्ये ही सोयीची जागा ६००० च्या आसपास आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून गिअर १ (मेमरी कंट्रोलर रॅमच्याच तालात) आणि गिअर २ (निम्म्या तालात) असा पर्याय आला. डीडीआर४ वर शक्यतो गिअर १ सोडू नका. नवख्याने ३२०० ची रॅम ३२०० वरच ठेवून टायमिंग कसणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, कारण बदलणाऱ्या गोष्टी तेवढ्याच कमी होतात.

आता टायमिंगच्या यादीत जा. बहुतेक ओळींपुढे ऑटो लिहिलेले असते. प्रोफाइलचे पहिले चार आकडे आहेत तसेच हाताने भरा, म्हणजे बोर्ड ते परस्पर बदलणार नाही. मग एका वेळी एकच आकडा एका पायरीने खाली. टीआरपी १८ चा १७, चाचणी, मग १६, पुन्हा चाचणी. टीआरपी सहसा निमूट उतरतो. टीआरसीडी हट्टी असतो, आणि मायक्रॉनच्या काही चिपवर कितीही व्होल्टेज दिले तरी तो एका जागेवरून हलत नाही. तिथे त्याच्याशी झगडू नका. टीसीएलला व्होल्टेज लागते. एएमडीवर गिअर डाउन मोड चालू असेल तर टीसीएलचे विषम आकडे गणले जात नाहीत. १५ लिहिला तरी १६ च लागतो, म्हणून एकदम १४ च करून पाहावा लागतो. टीआरएएस हा टीसीएल आणि टीआरसीडी यांच्या बेरजेइतका ठेवला की काळजी नाही, आणि टीआरसी म्हणजे टीआरएएस अधिक टीआरपी. या दोहोंना त्याहून खाली रेटण्यात काही हाती लागत नाही.

व्होल्टेजबद्दल सावध राहा. डीडीआर४ चे मानक व्होल्टेज १.२, आणि ३२०० च्या प्रोफाइलचे बहुधा १.३५. चिपच्या तांत्रिक पत्रकात १.५ ही कधीही न ओलांडण्याची सीमा असते. १.४० पर्यंत रोजच्या वापराला हरकत नाही, त्यापुढे जायचे तर स्टिकवर धातूची पट्टी आणि कॅबिनेटमध्ये वाहता वारा हवा. डीडीआर५ चे मानक १.१ आहे, आणि ६००० च्या वेगवान प्रोफाइलमध्ये १.३५ ते १.४० दिसते. बोर्ड कधीकधी प्रोफाइल चालू करताच प्रोसेसरचे एसओसी व्होल्टेजही आपल्या मनाने वाढवतो. ते ऑटोवर सोडू नका. रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने २०२३ मध्ये या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली. तेव्हाचा जुना बायोस अजून तसाच असेल, तर टायमिंगचा विचार बाजूला ठेवून आज बायोस अद्ययावत करा.

पहिल्या चार आकड्यांवर लोक आठवडे घालवतात, पण माझा अनुभव असा की खरा माल दुय्यम आकड्यांत आहे. सगळ्यात मोठा टीआरएफसी. कपॅसिटरमधला विद्युतभार झिरपत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी ताजेतवाने करण्याची आज्ञा जाते, आणि ते चालू असताना रॅम उत्तर देत नाही. ८ गिगाबिटच्या चिपसाठी मानक अवधी ३५० नॅनोसेकंद, म्हणजे ३२०० वर ५६० ठोके. जवळजवळ साडेचार टक्के वेळ असा जातो. मायक्रॉन आणि हायनिक्सच्या अनेक चिप २६० ते ३०० नॅनोसेकंदांत हे काम उरकतात. सॅमसंगची जुनी बी-डाय तर १६० च्या आसपासही. म्हणून ५६० वरून ५२०, मग ४८०, असे उतरत जा, आणि जिथे चूक दिसेल तिथून चांगले ३०-४० ठोके मागे या. हा आकडा काठावर ठेवू नका. उष्णता वाढली की पहिला दगा तोच देतो.

टीआरआरडीचे दोन आकडे आणि टीएफएडब्ल्यू हे ओळी किती भराभर उघडता येतात ते ठरवतात. ऑटोवर टीएफएडब्ल्यू तिशीच्या पुढे असतो. आधी ६, ८ आणि २४ करा. ते टिकले तर ४, ६ आणि १६. टीएफएडब्ल्यू हा छोट्या टीआरआरडीच्या चौपटीपेक्षा कमी लिहिण्यात अर्थ नाही, कारण चार ओळी उघडायला तेवढा वेळ तसाही लागतोच. या तिघांनी मिळणारा फायदा टीसीएलच्या दोन ठोक्यांपेक्षा बरेचदा जास्त भरतो, आणि त्यांना जादा व्होल्टेजही सहसा लागत नाही.

ताजेतवाने करण्यातले अंतर, म्हणजे टीआरईएफआय, इंटेलवर आणि रायझन ७००० वर वाढवता येते. लेटन्सी छान उतरते. पण अंतर वाढवणे म्हणजे भार झिरपायला जास्त वेळ देणे. शिवाय शेजारच्या ओळी पुन्हापुन्हा उघडून बिट उलटवण्याचा रोहॅमर हा हल्ला त्यामुळे सोपा होतो. ज्या संगणकावर बँकेचे आणि कचेरीचे काम चालते त्यावर मी हा आकडा वाढवणार नाही.

चाचणी

बायोसमधून एफ१० ने बाहेर पडल्यावर पडदा काही काळ काळा राहील, संगणक दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. बोर्ड रॅमशी ताल जुळवत असतो. डीडीआर५ वर याला काही मिनिटे लागू शकतात. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

बदलानंतर थेट विंडोज उघडायचे नाही. आधी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+, निदान एक पूर्ण फेरी. इथे चूक निघाली तर तुमच्या डिस्कवरची एकही फाइल बिघडलेली नसते. ही फेरी पार पडली म्हणजे रॅम पक्की झाली असे नाही, फक्त विंडोज उघडण्याइतका भरवसा आला. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ चालवा आणि त्यानंतर प्राइम९५ ची मोठ्या आकाराची चाचणी. ती प्रोसेसर आणि रॅम दोघांना एकत्र तापवते. मधल्या पायऱ्यांना तासभर पुरतो, पण शेवटी ठरलेले आकडे रात्रभर चालवल्याशिवाय मान्य करू नका. चूक शून्यच हवी. रात्रभरात एकच तर आली, चालेल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नाही चालत.

आपल्याकडच्या हवामानाचा इथे थेट संबंध आहे. पुण्यात जानेवारीत पक्के ठरलेले आकडे मे महिन्यात डळमळू शकतात, आणि नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये स्टिक सहज पन्नाशी ओलांडतात. स्टिकवर तापमापक असेल तर चाचणीच्या वेळी तो बघत राहा. नसेल तर हिवाळ्यातली चाचणी कॅबिनेटचे पंखे मंद करून, ग्राफिक्स कार्डावर खेळ चालवून घ्या. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा सरळ रॅमवर येते आणि नुसत्या रॅमच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

संगणक सुरूच झाला नाही तर? बहुतेक बोर्ड काही प्रयत्नांनंतर आपणहून सावध आकड्यांवर परत येतात. बोर्डावर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा लागून राहिला आणि दहा मिनिटांतही काही हलले नाही, तर पॉवर सप्लाय बंद करा, वायर काढा आणि सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. पिना नसतील तर सीआर२०३२ चा गोल सेल काढून थोड्या वेळाने परत बसवा. चुकीच्या टायमिंगने रॅम जळत नाही, जास्त व्होल्टेजने जळू शकते. एवढे ध्यानात ठेवले की काळ्या पडद्याची भीती उरत नाही. मात्र सीमॉस क्लिअर झाल्यावर बायोसचे बाकीचे पर्यायही मूळपदावर जातात, बूटचा क्रम आणि पंख्यांचा वेग धरून. ते पुन्हा लावायला सुरुवातीला काढलेले फोटो कामी येतात.

ठरलेले आकडे बायोसमधल्या प्रोफाइलमध्ये जतन करा, पण वहीतही लिहून ठेवा. बायोस अपडेट केला की ही जतन केलेली प्रोफाइले अनेकदा पुसली जातात किंवा नव्या आवृत्तीत उघडत नाहीत. अपडेट करण्याआधी रॅम मूळ आकड्यांवर आणा, यूपीएस जोडा, आणि नंतर वहीतले आकडे भरल्यावर रात्रभराची चाचणी पुन्हा घ्या, कारण नवा बायोस रॅमशी वेगळ्या तऱ्हेने ताल जुळवतो आणि जुन्या आवृत्तीवर निर्दोष चाललेले आकडे नव्यावर चुकू शकतात.